वॉरंटीतली गाडी आणि शोरूमचा नकार : बेळगाव सीमाभागातल्या गाडीमालकांसाठी

नवी गाडी चोर्ला घाट चढताना अचानक ओढायची बंद होते, पिवळा दिवा लागतो, बंद करून चालू केली की पुन्हा नीट धावते. शोरूमला नेली की तिथे काहीच सापडत नाही. मग सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतो, "पेट्रोल खराब भरलं असणार साहेब, हे वॉरंटीत बसत नाही." माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. दोष शेवटी टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणाऱ्या भागाचा) निघाला आणि कंपनीने तो भाग फुकट बदलून दिला. पण तिथवर पोचायला कुठला कागद कुठे लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या लोकांची अडचण तर दुहेरी असते. गाडी कोल्हापूरची, पत्ता कर्नाटकातला, जॉब कार्ड (गाडी कामाला घेताना शोरूम तक्रार लिहून घेतं तो कागद) इंग्रजीत आणि पुढची नोटीस कन्नडमध्ये. म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. वॉरंटीच्या वादाचा निकाल बराचसा जॉब कार्डावरच लागतो. वकील, ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारी संस्था) हे सगळं नंतरचं.

१. आधी फाईल करा

गाडी ठणठणीत असतानाच एक फाईल घ्या आणि हे कागद लावून ठेवा:

- गाडीचं विक्री बिल, फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र) आणि फॉर्म २२ (कंपनीचं प्रमाणपत्र, त्यावर चासी नंबर असतो)
- आरसी आणि विमा पॉलिसी, अॅड-ऑनच्या (जादा संरक्षणाच्या) पानासकट
- वॉरंटीची पुस्तिका; बहुतेक वेळा ती डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडलेल्या पाकिटात पडून असते
- एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर तिचं प्रमाणपत्र
- प्रत्येक सर्व्हिसचं जॉब कार्ड आणि बिल, दोन्ही
- पेट्रोल-डिझेलच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी
- फास्टॅगचं स्टेटमेंट

फास्टॅग कशाला, असं वाटेल. दुरुस्तीसाठी कोल्हापूरला हेलपाटे घातले असतील तर कोगनोळी आणि हत्तरगी टोलनाक्यांवरच्या तारखा त्याचा पुरावा देतात. पुढे नुकसानभरपाई मागताना तो उपयोगी पडतो.

एक्स्टेंडेड वॉरंटीचं प्रमाणपत्र आजच काढून वाचा. ती गाडीच्या कंपनीने दिली आहे, की शोरूमने स्वतःची किंवा तिसऱ्याच संस्थेची योजना विकली आहे? गाडीच्या कंपनीची वॉरंटी देशभरातल्या तिच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. म्हणजे गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून बेळगावच्या शोरूमला वॉरंटीचं काम टाळता येत नाही. शोरूमच्या स्वतःच्या योजनेचं तसं नसतं. ती बऱ्याचदा त्यांच्याच वर्कशॉपपुरती असते.

२. दिवा लागला की काय करायचं

लाल दिवा, म्हणजे ऑइलचा किंवा तापमानाचा, लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "जांबोटीपर्यंत तर जाऊ" असं करू नका. लाल दिवा लागूनही गाडी चालवल्याचं दिसलं तर इंजिनाचं पुढचं सगळं नुकसान तुमच्या माथी मारतात. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि गाडी उचलून नेल्याची पावती जपून ठेवा. घाटात रेंज नसेल तर निदान मोबाइलवर व्हिडिओ काढा. त्यात दिवा, किलोमीटरचा आकडा आणि रस्ता तिन्ही दिसायला हवेत.

इंजिनाचा पिवळा दिवा असेल तर गाडी सावकाश नेता येते. व्हिडिओ मात्र तेव्हाही काढा.

उद्यमबाग आणि ऑटो नगरात आपल्याकडे फार चांगले मिस्त्री आहेत. पण वॉरंटीतल्या गाडीचा एक बोल्टही त्यांच्याकडून सोडवून घेऊ नका. स्कॅनर लावलाच तर तो फक्त कोड (गाडीच्या कम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचण्यापुरता, आणि स्क्रीनचा फोटो घ्या. कोड पुसू देऊ नका. कित्येक गाड्यांत बॅटरीची वायर काढली तरी साठवलेले कोड जातात, म्हणून तोही उपाय नको.

३. वॉरंटीत काय बसतं, काय नाही

ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, क्लच प्लेट या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक वॉरंटीतून वगळलेल्या असतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या त्या उत्पादकाची असते. बाहेरून बसवलेला सीएनजी किट, वायर कापून लावलेला हॉर्न किंवा कॅमेरा ही नकाराची हुकमी कारणं आहेत. मात्र कॅमेऱ्याची वायर कापली म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी कशी संपली, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता आणि विचारलाच पाहिजे.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी. उसाच्या पट्ट्यात गाडी उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. पावसाळ्यात खानापूर-कणकुंबीकडे साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर इंजिनात पाणी शिरतं. ही दोन्ही नुकसानं वॉरंटीत येत नाहीत. ती विम्याची प्रकरणं आहेत, आणि पाण्याच्या बाबतीत तर इंजिन संरक्षणाचा अॅड-ऑन आहे का, हे पाहावं लागतं. तिथे शोरूमशी भांडण्यात दिवस घालवू नका, लगेच विमा कंपनीला कळवा.

गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तुमच्या गाडीसाठी रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघालाय का, तेही पाहा. निघाला असेल तर वाद घालायचं कारणच उरत नाही. ते काम फुकट होतं.

४. जॉब कार्ड : इथे वेळ द्या

तुम्ही मराठीत दहा मिनिटं सगळं समजावून सांगता, आणि अॅडव्हायझर कार्डावर इंग्रजीत दोनच शब्द टाकतो, "जनरल चेकअप". वर्षभरानंतर आयोगासमोर तेच दोन शब्द उभे राहतात. तुम्ही तोंडी काय सांगितलं, ते कुणीच ऐकलेलं नसतं.

म्हणून तक्रार घरूनच लिहून न्या. कधी, कुठे, किती वेगात, कितव्या गिअरमध्ये, इंजिन गार की गरम, हे सगळं त्यात असू द्या. माझी साधारण अशी होती:

"चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही. इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिवा जातो. इंजिन गरम असताना, चार माणसं आणि सामान असताना होतं. सपाट रस्त्यावर होत नाही. व्हिडिओ सोबत दिला आहे."

ही चिठ्ठी अॅडव्हायझरला द्या, त्यातली वाक्यं कार्डावर उतरवून घ्या आणि मगच सही करा. कार्ड कम्प्युटरवरचं असेल आणि "जागा नाही" असं म्हणाले तर चिठ्ठीच्या तुमच्या प्रतीवर "मिळाली" असा शिक्का, तारीख आणि सही मागा. तेही नाही झालं तर तिथेच उभ्या उभ्या चिठ्ठीचा फोटो शोरूमच्या ईमेलवर पाठवा. कार्डावर किलोमीटर आणि तारीख बरोबर आहे ना, ते पाहा. कन्नड किंवा इंग्रजी अडत असेल तर वाचणारं कुणी सोबत न्या. न समजलेल्या कागदावर सही करायला तुम्ही बांधील नाही.

गाडी परत घेताना "काम समाधानकारक" अशा छापील ओळीखाली सही मागतात. दोष तपासून पाहिलेला नसेल तर सहीच्या वर लिहा: "चढावर चालवून पाहिल्याशिवाय समाधान मान्य नाही."

दोष कायम असेल तर दर वेळी नवं जॉब कार्ड उघडायला लावा. "असंच आणा, बघून देतो" म्हणणारा माणूस भला असेल, पण त्या भेटीची नोंद कुठेच राहत नाही. एकच तक्रार वॉरंटीच्या मुदतीत पुन्हा पुन्हा लिहिली गेली की "हा दोष वॉरंटी संपल्यावर आला" असं म्हणायला जागा उरत नाही. "पुढच्या सर्व्हिसला बघू" या आश्वासनावर मुदत निघून गेलेली मी अनेकांची पाहिली आहे.

५. दोष त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवा

फ्लोअर इनचार्जला (वर्कशॉपच्या प्रमुखाला) सोबत बसवून गाडी चालवा. दोष चढावर येत असेल तर शोरूमच्या आवारातली चक्कर कामाची नाही. सकाळी गार इंजिनाला येत असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. स्कॅनर जोडून गाडी चालवली तर चालत्या गाडीची रीडिंग मिळतात. तशी मागणी करा. चाचणी कुठे झाली, किती किलोमीटर झाली, काय दिसलं, हे जॉब कार्डावर लिहून घ्या. "दोष आढळला नाही" असं लिहिलं तरी चालेल, फक्त चाचणी सपाट रस्त्यावर झाली हेही सोबत लिहायला लावा.

६. नकार तोंडी घेऊ नका

वॉरंटी नाकारली की तीन गोष्टी लेखी मागा: कुठल्या कलमाखाली नाकारली, कुठल्या तपासणीवरून नाकारली, आणि स्कॅनरवर कुठला कोड आला.

खराब इंधनाचं कारण असेल तर टाकीतलं पेट्रोल तुमच्यासमोर बाटलीत काढायला सांगा. दोन बाटल्या, दोन्हींवर सील, सह्या आणि तारीख. एक तुमच्याकडे. इंधन पंपाचं प्रेशर किती आलं, तेही विचारा. माझ्या वेळी स्कॅनच्या छापील कागदावर पी०२९९ हा कोड होता. त्याचा अर्थ टर्बोचा दाब कमी पडतोय. बिलात मात्र टाकी साफ करण्याचे पैसे लावले होते. तो कागद मागून घेतला नसता तर पेट्रोलचीच गोष्ट खरी ठरली असती. कोडचा अर्थ कुणालाही शोधता येतो. कोडावरून नेमका बिघडलेला भाग कळेलच असं नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळतं आणि दिलेलं कारण त्याच्याशी जुळतं का, ते विचारता येतं.

७. पैसे भरावे लागले तर

गाडीशिवाय अडलं असेल तर पैसे भरा, पण बिलावर आणि त्याच दिवशी ईमेलवर लिहा: "वॉरंटीचा हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम भरत आहे." काढलेला जुना भाग पैसे भरले असतील तर मागून घ्या आणि त्यावरच्या नंबराचा फोटो काढा. वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीकडे परत जातो, तिथे फोटोवर भागवावं लागतं.

रागाने गाडी शोरूममध्येच सोडून येणारे आहेत. तसं करायचं तर का सोडतोय हे लेखी द्या, नाहीतर महिन्याभराने पार्किंगचं बिल लागतं. माझ्या मते गाडी घरी आणलेली बरी. शोरूममध्ये ती धूळ खात पडते आणि टायर, बॅटरीचं वेगळंच दुखणं सुरू होतं.

"गुडविल" म्हणून अर्धा खर्च कंपनी उचलेल, असा प्रस्ताव कधी येतो. वॉरंटी संपलेली असेल तर तो विचारात घेण्यासारखा असतो. वॉरंटी चालू असेल तर घेऊ नका.

८. शोरूम सोडून कंपनीकडे

ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवा, प्रत शोरूमला. मजकूर एका पानाचा: चासी नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, प्रत्येक जॉब कार्डाचा नंबर आणि तारीख, नकाराचं कारण, तुमची मागणी. शिवीगाळ नको, समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकीही नको. कंपनीच्या विभागीय सर्व्हिस अधिकाऱ्याने गाडी पाहावी, ही मागणी ठळक लिहा. माझं काम याच पायरीवर झालं. अधिकारी घाटात सोबत आला, दिवा त्याच्यासमोर लागला, आणि पेट्रोलचा विषय तिथेच संपला.

कंपनी आणि शोरूम या कायद्याच्या दृष्टीने सहसा दोन वेगळ्या पार्ट्या असतात. गोव्यातल्या एका ग्राहकाला नवी म्हणून जुन्या सालाची, आधी वापरलेली गाडी दिली गेली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळं केलं. डीलरने काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं, असं तक्रारीत नीट मांडलेलं आणि सिद्ध झालेलं नव्हतं. म्हणून कंपनीला वेळेवर लेखी कळवणं फार मोलाचं आहे. ईमेल गेल्यावर तिला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण कंपनीकडे तक्रार पोचवतात आणि तुम्हाला नोंद क्रमांक मिळतो.

९. नोटीस

कंपनी आणि शोरूम दोघांना १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पोच जपा. ग्राहक आयोगात जायला आधी नोटीस द्यायलाच हवी अशी सक्ती नाही, पण ती दिलेली असली की तक्रारीला वजन येतं.

१०. ग्राहक आयोग : बेळगाव की कोल्हापूर?

हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारला जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (लागू जुलै २०२० पासून) याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. गाडी कोल्हापुरात घेतली, शोरूम कोल्हापुरात, दुरुस्ती तिथलीच, तरी निपाणीचा माणूस बेळगावच्या आयोगात जाऊ शकतो. कारवारकडच्यांना उत्तर कन्नड जिल्ह्याचा आयोग आहे. शोरूमने बिलावर "वाद फक्त कोल्हापूर न्यायालयात" असं छापलं असलं तरी घाबरू नका. कायद्याने दिलेला हा हक्क छापील ओळीने जात नाही. कोल्हापूरलाच सोयीचं असेल तर तोही रस्ता मोकळा आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून आधार किंवा रेशन कार्ड लावा.

गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी अशी:

- ५ लाखांपर्यंत : काही नाही
- ५ ते १० लाख : २०० रुपये
- १० ते २० लाख : ४०० रुपये
- २० ते ५० लाख : १००० रुपये

मुदत दोन वर्षांची, वादाचं कारण घडल्यापासून. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही. तरी भाषेमुळे आपल्या लोकांना एखादा स्थानिक वकील बरा पडतो. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार करा आणि मराठी कागदांना भाषांतर जोडा. आयोगाकडून कन्नडमध्ये काही आलं तर त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या, तारखा चुकतात त्या इथेच.

समोरच्या पार्टीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही. त्यांनी मुदत ओलांडली तर तुम्ही स्वतः आयोगाच्या नजरेस आणून द्या.

बेळगाव-गोवा टॅक्सी चालवणाऱ्यांना "तुम्ही ग्राहकच नाही, गाडी धंद्याची आहे" असं सांगतात. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी असेल तर तुम्ही ग्राहक ठरता. तक्रारीत ही गोष्ट पहिल्याच परिच्छेदात लिहा.

११. तज्ज्ञाचा अहवाल आणि मागणी

"उत्पादनातच दोष आहे" हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, आणि इथे बरीच प्रकरणं ढेपाळतात. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर कलम ३८ खाली आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तो अर्ज सुरुवातीलाच करा. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. त्याशिवाय इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेकॅनिकल विभागातल्या प्राध्यापकांकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून अहवाल घेता येतो. तपासणीची तारीख समोरच्यांना आधी कळवा, म्हणजे "आमच्या माघारी केलं" असं म्हणता येणार नाही.

मागणीत गाडी बदलून देण्याचा हट्ट एकटाच ठेवू नका. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीतली जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची होती, गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने मांडा: गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, तसं नसेल तर सदोष भाग फुकट बदलून त्यावर नव्याने वॉरंटी द्यावी, भरलेले पैसे व्याजासह परत, प्रवास, पर्यायी गाडी आणि मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च. प्रत्येक रकमेला पावती जोडा.

आयोग मध्यस्थीसाठी विचारेल. गाडी दुरुस्त होऊन हवी असेल तर जरूर बसा, पण तडजोडीत कामाची तारीख, भागाचं नाव आणि पुढची वॉरंटी लिहून घ्या.

१२. आदेश झाल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत लगेच घ्या आणि तारीख लिहून ठेवा. राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवस असतात, तुम्हालाही आणि त्यांनाही. पैसे देण्याचा आदेश ज्याच्याविरुद्ध झाला, त्याला अपील करताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मुदत संपूनही त्यांनी काहीच केलं नाही तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज वेगळा करावा लागतो, आपोआप काही होत नाही.